डोना समर: बसून ऐकायची डिस्को

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याला गाण्याचा कान आहे असं पुणेकर स्वतःच सांगतात, त्यामुळे ते खरं असणारच. सवाई गंधर्व महोत्सवात एखादी जागा सुरेख लागली की मांडवाच्या पार मागच्या रांगेतून दाद येते. पण याच दर्दी मंडळींपुढे ‘डिस्को’ म्हणून बघा. ‘तो धांगडधिंगा होय!’ की झाला विषय बंद. आज तो विषय मी जरा उघडा ठेवणार आहे. अमेरिकेच्या एका गायिकेबद्दल बोलायचंय. तिला जगभर ‘डिस्कोची राणी’ म्हणत आणि तिच्या गाण्यांवर लोक रात्र रात्र नाचत. माझं आणि माझ्यासारख्या चार वेड्यांचं म्हणणं असं, की तिला नाचायचं सोडून स्वस्थ बसून ऐकावं. तिचं नाव डोना समर.

धांगडधिंगा म्हणणाऱ्यांचा सगळाच दोष नाही. पुण्यात आपल्यातल्या बहुतेकांनी डिस्को ऐकली ती कुठे? विसर्जनाच्या मिरवणुकीत, मंडळाच्या स्पीकरच्या भिंतींतून. डिस्कोच्या ठेक्यात मोठा ढोल चारही मात्रांवर सारख्या वजनानं पडतो. लक्ष्मी रोडवरच्या दोन इमारतींच्या मध्ये तो असा घुमतो, की छातीत धडधड तेवढी पोचते. गाणारी बाई काय म्हणते, कशी म्हणते, श्वास कुठे घेते, हे त्या गदारोळात कुणाला कळणार? मग लोक म्हणतात डिस्कोत गाणंच नसतं. असतं हो. आपल्यापर्यंत पोचलं नाही, एवढंच.

डोनाचा जन्म १९४८ सालचा, वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशीचा, बॉस्टन शहरातला. माहेरचं आडनाव गेन्स. लहानपणी चर्चमध्ये गायची. महालिया जॅक्सन या थोर गॉस्पेल, म्हणजे चर्चमधली भक्तिगीतं गाणाऱ्या, गायिकेचा तिच्यावर मोठा प्रभाव. पुढे बॉस्टनमध्येच एका रॉक बँडबरोबर गायली आणि १९६८ साली ‘हेअर’ या गाजलेल्या संगीत नाटकाच्या जर्मन प्रयोगासाठी थेट म्युनिकला गेली. विशीही न ओलांडलेली मुलगी परक्या देशात जाऊन जर्मन भाषेत रंगमंचावर गाऊ लागली. व्हिएन्नातही काम केलं. तिथल्याच हेल्मुट झोमर नावाच्या नटाशी लग्न केलं, त्या आडनावाचंच इंग्रजी वळण घेऊन ‘समर’ झालं. डिस्कोची राणी म्हणजे कुणी क्लबातून उचलून आणलेली हौशी पोरगी, असा समज असेल तर तो इथेच पुसून टाका. चर्च, रॉक आणि नाटक अशा तीन तालमींतून हा गळा गेला होता.

म्युनिकमध्ये तिला दोघे भेटले, जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट. मोरोडर इटलीचा, बेलॉट इंग्लंडचा, गायिका अमेरिकेची आणि स्टुडिओ जर्मनीत. या तिघांनी १९७५ साली जे गाणं केलं, त्यानं नाव झालं आणि बदनामीही. ‘लव्ह टू लव्ह यू बेबी’. अमेरिकेतल्या कासाब्लांका कंपनीचा मालक नील बोगार्ट याला ते इतकं आवडलं, की हे लांबवून द्या, एलपीची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, एक अख्खी बाजू भरू दे, अशी फर्माईश त्याने केली. झालं जवळपास सतरा मिनिटांचं. त्यातले उसासे ऐकून बीबीसीने सुरुवातीला ते वाजवायला नकार दिला. मीही आज ते लावणार नाही, घरोघरी जेवणाची वेळ आहे. खुद्द डोनालाही पुढे त्या गाण्याचं ओझं झालं आणि बरीच वर्षं तिने ते कार्यक्रमांत गायलं नाही. आमची, म्हणजे चाहत्यांची, तक्रार थोडी वेगळी आहे. या गाण्यामुळे जगाची समजूत झाली की ही बाई फक्त कुजबुजते. तिच्याकडे केवढा आवाज आहे, हे कळायला लोकांना आणखी दोन-तीन वर्षं लागली.

आणि त्या दोन-तीन वर्षांतच १९७७ आलं. ‘आय रिमेंबर यस्टरडे’ नावाची एलपी निघाली. कल्पना अशी की एकेका जुन्या जमान्याची ढब घेत घेत पुढे यायचं आणि शेवटचं गाणं भविष्यकाळाचं ठेवायचं. ते शेवटचं गाणं ‘आय फील लव्ह’. सिंगल म्हणून, म्हणजे बाजूला एकेक गाणं असलेल्या रेकॉर्डवर, आलं तेही आधी मागच्या बाजूला, मुख्य बाजूला एक वेगळंच संथ गाणं होतं. मग मागची बाजूच गाजली आणि ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली.

या गाण्यात ना व्हायोलिनं, ना गिटार. मूग सिंथेसायझर नावाचं कपाटाएवढं यंत्र, त्यातून काढलेले सगळे सूर. रॉबी वेडेल हा तंत्रज्ञ ते यंत्र टेपच्या तालाशी अचूक बांधायला मदतीला होता. पण हे यंत्र भारी लहरी. थोडा वेळ वाजलं की सूर उतरे. मग थांबा, पुन्हा सुरात आणा, पुढचा तुकडा ध्वनिमुद्रित करा, परत थांबा. आज जे गाणं लोखंडासारखं अखंड वाटतं, ते असं अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे जोडत केलेलं आहे. यंत्रातून मनाजोगा ढोल काही निघेना, तेव्हा कीथ फोर्सी या माणसाने तेवढा खरा, पायाने वाजवला. यंत्राच्या या महान गाण्यात माणसाचा पाय आहे, म्हणा ना.

आता बाईचा गळा ऐका. आमच्यातले एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले, किराणा घराण्याचे भक्त. हे गाणं मी त्यांना पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा ते म्हणाले, ‘अरे, हा तर तानपुरा लावलाय खाली.’ मला ते पटलं नाही. तानपुरा जागचा हलत नाही, इथला खालचा सुरांचा आकृतिबंध तोच राहून पट्टी बदलत जातो. हा लेहरा आहे. तबल्याच्या एकलवादनात पेटीवाला जसा तोच लेहरा न थकता धरून बसतो, तसं हे यंत्र बसलेलं आहे. काकांनी जरा विचार केला आणि म्हणाले, ‘बरं, लेहरा. पण मग बाई तबला वाजवत नाहीये.’ बरोबर! यंत्र सेकंदाला किती टोले द्यायचे ते देतंय, आणि बाई त्या घाईत सामीलच होत नाही. वरच्या, हलक्या, काचेसारख्या आवाजात एकेक शब्द लांबवत जाते. चारपाच शब्दांवर ओळ संपते, तरी मधली जागा भरायची तिला गरज वाटत नाही. हेडफोन लावलात तर आणखी एक गंमत. खालचा सूर एका कानात वाजतो आणि त्याचा पडसाद अर्ध्या पावलाने दुसऱ्या कानात येतो. या लपंडावाच्या बरोबर मध्ये तिचा आवाज. यंत्रापुढे माणसाने कसं उभं राहावं, याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

हे सगळं चांगलं ऐकायचं तर बारा इंची सिंगल मिळवा, असं आमच्यातले कट्टर लोक सांगतात. त्यामागे कारण आहे. एलपीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं कोंबली की खाचा बारीक कराव्या लागतात आणि खर्जाचा आवाज दबतो. बारा इंचीवर एकच गाणं, खाचा ऐसपैस. खर्ज मोकळा होतो आणि त्याच्यावर आवाजही सुटा ऐकू येतो. आपल्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी गेलात तर रेकॉर्डींच्या ढिगात क्वचित अशी एखादी सापडते. वर-खाली भावगीतं, नाट्यगीतं, मध्येच एखादं कीर्तन, आणि त्यात कव्हरवर केस पिंजारलेली डोना. विकणारा म्हणतो, ‘इंग्लिश आहे साहेब, चालणार नाही, घेऊन टाका.’ आणि आपण कव्हर उलटून पाहायला लागलो की त्याच श्वासात किंमत वाढवतो. रेकॉर्ड उजेडात तिरपी धरून बघावी. वरवरचे ओरखडे चालतात, नखाला लागणारी चर असेल तर परत ठेवावी. अर्थात ती परत ठेवण्याचा संयम आमच्यापैकी कुणाकडेही नाही.

१९७८ साल उजाडलं आणि गळ्यावरचं झाकण निघालं. ‘लास्ट डान्स’ आलं. पॉल जबारा या गीतकाराचं हे गाणं, त्याला ऑस्कर मिळालं आणि डोनाला ग्रॅमी, म्हणजे अमेरिकेतलं संगीताचं मोठं पारितोषिक. सुरुवात एकदम संथ, जवळजवळ बोलल्यासारखी. मग ठेका येतो, मध्येच पुन्हा गाडी थांबते, परत उठते. त्या काळच्या डिस्कोत असं थांबणं म्हणजे नाचणाऱ्यांना जमिनीवर ताटकळत ठेवणं. ते धाडस गळ्याच्या भरवशावरच होतं. त्याच वर्षी ‘मॅकआर्थर पार्क’ने तिला अमेरिकेतला पहिला ‘नंबर वन’ दिला. पुढच्या वर्षी ‘हॉट स्टफ’. त्यात जेफ बॅक्स्टरची रॉक गिटार आणि बाईचा आवाज छातीतून, खरखरीत, दणकट. स्त्रियांच्या रॉक गायनासाठी ग्रॅमीत नवा विभाग सुरू झाला, त्याचं पहिलंच पारितोषिक या ‘डिस्को’वालीला. ‘आय फील लव्ह’ आणि ‘हॉट स्टफ’ एकापाठोपाठ लावा आणि नवख्या माणसाला विचारा, बाया किती? दोन म्हणेल.

त्याच १९७९ मध्ये १२ जुलैला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग रचून स्फोटानं उडवला. डिस्कोचा धिक्कार करायला हजारो लोक जमले होते. आणि १४ जुलैच्या तारखेच्या बिलबोर्ड यादीत, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत, पहिला क्रमांक कुणाचा? डोना समरच्या ‘बॅड गर्ल्स’चा. लाट ओसरली हे खरंच, पण बाई लाटेबरोबर गेली नाही. १९८३ साली ‘शी वर्क्स हार्ड फॉर द मनी’ आलं. लॉस एंजेलिसच्या एका रेस्टॉरंटच्या स्वच्छतागृहात ड्यूटीवर असलेली, थकून डुलक्या घेणारी बाई तिने पाहिली, त्यावरून हे गाणं. त्या बाईला तिने एलपीच्या मागच्या कव्हरवर आपल्याशेजारी उभं केलं. आमच्या काकूंना, म्हणजे त्या काकांच्या सौभाग्यवतींना, डोनाचं हे एकच गाणं आवडतं. त्यांनी पस्तीसेक वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून पाळ्या केल्या. ‘लयीचं वगैरे तुमचं तुम्ही बघा, हिला माझी पाळी कळली,’ म्हणतात.

आता तुमच्यातले काही मनात म्हणत असतील, डिस्को म्हणजे आमची नाझिया हसन. मान्य! १९८० च्या ‘कुर्बानी’तलं ‘आप जैसा कोई’ गायली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. लंडनमध्ये ध्वनिमुद्रण, संगीत बिड्डूचं, बिड्डू मूळचा आपल्या बंगळुरूचा. पुण्याच्या वाड्यांत डिस्को पोचली ती या गाण्यातून आणि पाठोपाठ ‘डिस्को दीवाने’मधून. आमच्या टोळक्यात नाझिया की डोना हा वाद कायमचा आहे. मला विचाराल तर तुलनाच चुकीची. नाझियाचा आवाज कोवळा, किंचित अनुनासिक. बिड्डूने तो एकावर एक असा दुहेरी बसवून त्याला चकाकी दिली. तो कोवळेपणाच त्या गाण्याचा प्राण आहे, तिथे तयारीचा गळा असता तर गाणं पडलं असतं. डोनाचं उलट. तिच्यावरचे सगळे थर काढून घेतले तरी गाणं उभं राहतं. दोघींच्या चाहत्यांना बोचणारा एक योग मात्र आहे. नाझिया २००० साली गेली, डोना १७ मे २०१२ ला, आणि दोघींनाही फुप्फुसाच्या कर्करोगानेच नेलं. ज्या श्वासावर आम्ही जीव टाकत होतो, तोच.

श्वासावरून आठवलं. बार्बरा स्ट्रायसँड या अमेरिकन गायिकेबरोबर डोनाचं १९७९ सालचं एक युगलगीत आहे, ‘नो मोअर टिअर्स’. दोघींनी एक सूर लांब धरायचा होता. कुणी माघार घेईना. किस्सा असा सांगतात, की धरता धरता डोनाचा दम संपला आणि ती स्टुलावरून खाली पडली. स्ट्रायसँडने सूर सोडला नाही तो नाहीच! मला हा किस्सा फार आवडतो, पण त्यावरून डोनाच्या दमसासाबद्दल गैरसमज करून घेऊ नका. त्याच वर्षीचं ‘डिम ऑल द लाइट्स’ घ्या. शब्द आणि चाल दोन्ही तिचीच. आधी संथ, आर्जवी सुरुवात, मग ठेका. आणि गाण्यात एके ठिकाणी ती एक सूर धरते तो तब्बल सोळा सेकंद. खाली ढोल, बास, पितळी वाद्यं आपापली कामं करत असतात. सूर जाडजूड होत नाही, थरथरत नाही, शेवटी ओढून-ताणून संपवल्यासारखाही वाटत नाही.

तोच आता लावतोय. तो सूर सुरू झाला की तुम्हीही तिच्याबरोबर श्वास धरून बघा. आणि सेकंद मोजायचं काम घरातल्या त्या माणसाकडे द्या, ज्याने मघाशी धांगडधिंगा म्हटलं होतं.