गोडी छाटणीनंतरचे पन्नास दिवस

[दृश्य: पहाट. दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. कात्रीचा आवाज, तारांवर दव.]

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करते. सप्टेंबर-ऑक्टोबरची गोडी छाटणी त्या काडीतून घड बाहेर काढते. गोडी छाटणीपासून काढणीपर्यंत साधारण १२० ते १३५ दिवस लागतात. पण रोग-किडींच्या बाबतीत या हंगामाचा निकाल पहिल्या पन्नास दिवसांतच लागतो, म्हणून आपणही जास्त वेळ तिथेच थांबणार आहोत.

[दृश्य: छाटलेल्या वेली, खाली पानांचा ढीग.]

पहिलं काम कात्री लागण्याआधीचं. पावसाळा संपताना जुन्या पानांवर डाऊनीचे डाग असतात. डाऊनी, म्हणजे केवडा. छाटणी झाली की ही पानं बागेतच पडतात आणि नव्या फुटीला लागण्यासाठी रोगाचं बी तिथेच तयार असतं. म्हणून छाटलेल्या काड्या आणि पानं गोळा करून बागेबाहेर न्यायची. त्यानंतर खोड, ओलांडे (खोडापासून निघालेल्या आडव्या, पक्क्या फांद्या), तारा, अँगल आणि खालची जमीन या सगळ्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण मारायचं.

[दृश्य: प्लास्टिकच्या दोन टाक्या, एकीत निळं पाणी, दुसरीत पांढरं.]

बोर्डोसाठी एक किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात विरघळवायचं. एक किलो कळीचा चुना विरवून, गाळून, वेगळ्या ५० लिटर पाण्यात घ्यायचा. मग दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळायचं. भांडी प्लास्टिकची असावीत, लोखंडाची कधीही नाही. तयार मिश्रणात चकचकीत लोखंडी चाकू क्षणभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. तो वाढवायचा, नाहीतर मिश्रण पानं जाळतं. बोर्डो केलं त्याच दिवशी वापरायचं, आणि कोवळ्या फुटीवर हे औषध टाळायचं.

[दृश्य: फुगलेला डोळा, जवळून. त्यावर छोटा तपकिरी भुंगेरा.]

डोळे फुगायला लागले की पहिला शत्रू उडद्या. तांब्यासारखी झाक असलेला, पाठीवर काळे ठिपके असलेला हा छोटा भुंगेरा फुगलेला डोळा कुरतडतो. ज्या डोळ्यातून घड निघणार होता, तोच डोळा तो खातो. पुढे कितीही फवारणी केली तरी त्या काडीवरचा तो घड त्या हंगामात परत येत नाही. वेलीला धक्का लागला की उडद्या टपकन खाली पडतो आणि दिवसा सुट्या सालीखाली दडून बसतो. म्हणून छाटणीच्या वेळीच खोडाची आणि ओलांड्यांची सुटी साल काढून जाळली, तर त्याचं घर जातं. याच सालीखाली मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, हाही लपलेला असतो.

[दृश्य: पोंगा अवस्थेतली फूट.]

छाटणीनंतर आठ-दहा दिवसांनी पोंगा, म्हणजे डोळ्यातून नुकतीच निघालेली, पानं न उलगडलेली फूट, दिसतो. सगळ्या बागेत डोळे एकाच वेळी फुटणं इथे फार महत्त्वाचं. पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून छाटणीनंतर त्यांना औषध लावणं, नीट झालं नाही, तर एका वेलीवर पोंगा असतो आणि शेजारच्या वेलीवर पाच पानं. मग एकच फवारणी एकीला लवकर पडते, दुसरीला उशिरा. पुढे डाऊनी आली की औषधाला दोष दिला जातो, खरं कारण मात्र असमान फुटीत असतं.

[दृश्य: ढग, पावसाची सर, पानावरून ओघळणारं पाणी.]

आता डाऊनी. दिसायला बुरशी वाटली तरी हा जीव खऱ्या बुरशीपेक्षा वेगळ्या कुळातला आहे. म्हणूनच भुरीवर, म्हणजे खऱ्या बुरशीमुळे होणाऱ्या दुसऱ्या रोगावर, चालणारी बरीचशी औषधं याच्यावर चालत नाहीत. रात्रीची दमट हवा मिळाली की पानाच्या खालच्या बाजूला याची पांढरी वाढ येते. पान ओलं असलं की बीजाणू पाण्यात पोहत जातात आणि पानाच्या छिद्रांतून आत शिरतात. आत शिरल्यावर चार-पाच दिवस बाहेर काहीच दिसत नाही. मग वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग उमटतो. आज दिसलेला डाग म्हणजे चार-पाच दिवसांपूर्वी झालेली लागण. डाग बघून पंप बाहेर काढणारा शेतकरी म्हणूनच नेहमी एक पाऊस मागे राहतो.

शंका असेल तर एक सोपी चाचणी आहे. संशयित पान ओल्या कागदासोबत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, तोंड बांधा, रात्रभर राहू द्या. सकाळी डागाच्या खाली पांढरा कापसासारखा थर आला, तर डाऊनी जिवंत आहे.

[दृश्य: ब्लोअर चालू, पानांच्या खालच्या बाजूला फवारा.]

संरक्षणाचं औषध, उदाहरणार्थ मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम, पावसाच्या आधी पानावर असायला हवं. बीजाणू पानात शिरल्यावर ते काही करू शकत नाही. पाऊस होऊन गेल्यावर, लागण आत असताना, डायमेथोमॉर्फसारखं आंतरप्रवाही, म्हणजे पानाच्या आत शिरणारं, औषध लागतं. तेही पहिल्या दोन-तीन दिवसांतच कामाचं. स्ट्रॉबिल्युरिन गटातल्या औषधांना डाऊनीने प्रतिकार मिळवला आहे. तेच तेच औषध पुन्हा मारणं म्हणजे तगडे जंतू निवडून वाढवणं. म्हणून फवारणीच्या वहीत औषधाच्या नावाशेजारी त्याचा गटही लिहून ठेवा.

अडचण वेगळीच असते. काळ्या जमिनीत पाऊस झाला की ट्रॅक्टर दोन-तीन दिवस बागेत शिरत नाही, आणि औषधाची गरज नेमकी त्याच दिवसांत असते. अशा वेळी ओल्या पानांवर मॅन्कोझेबची धुरळणी, एकरी दीड ते दोन किलो, पाठीवरच्या डस्टरने करतात. ओल्या पानाला भुकटी चिकटते. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लांबलेल्या पावसाने नाशिकच्या बागांचं मोठं नुकसान केलं. तेव्हा अनेक बागा नेमक्या पोंगा ते फुलोरा या अवस्थांत होत्या. तोंडाला मास्क, हाताला मोजे बांधल्याशिवाय धुरळणी करू नका. भुकटी श्वासावाटे छातीत जाते.

[दृश्य: फुलोऱ्यातला घड.]

छाटणीनंतर ३५ ते ४० दिवसांनी फुलोरा येतो. डाऊनीने पान गेलं तर वेल दुसरं पान काढते. फुलोऱ्यातला घड गेला तर तो गेलाच. मणी सहा ते आठ मिलिमीटरचा झाला की त्याच्या सालीवरची छिद्रं बंद होत जातात आणि डाऊनीला आत जायला दार उरत नाही. पोंग्यापासून या आकारापर्यंतचाच काळ सांभाळायचा. फेलफुटी, म्हणजे घड नसलेल्या जादा फुटी, वेळेवर काढणं, गर्दीच्या फुटी विरळ करणं, घडाजवळची पानं थोडी कमी करणं, या कामांनी पान लवकर सुकतं. पान ओलं राहण्याचा वेळ कमी करणं हेही फवारणीइतकंच मोलाचं काम आहे.

[दृश्य: पांढरा कागद, त्यावर घड झटकणारा हात.]

फुलोऱ्यातच थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, येतात. पांढरा कागद घडाखाली धरून घड हलकेच झटका. बारीक पिवळसर किडे कागदावर पळताना दिसतील. हे लहान मण्याची साल खरवडतात. मणी वाढतो तशी ती जखमही वाढते आणि काढणीला सालीवर खडबडीत तपकिरी डाग उरतो. चव बिघडत नाही, पण निर्यातीचा डबा भरताना तो घड बाजूला जातो.

[दृश्य: ढगाळ दुपार. मण्यावर राखाडी भुकटी.]

पाऊस थांबला, हवा ढगाळ राहिली की भुरीची पाळी. भुरीला पाण्याचा थेंब लागत नाही, उलट साचलेलं पाणी तिच्या बीजाणूंना त्रास देतं. त्यामुळे पाऊस उघडला म्हणून सैल सोडलेल्या बागेतच ती पसरते. भुरी मण्याच्या सालीवरच्या पेशी मारते, आतला गर मात्र वाढत राहतो. साल ताणली जाते आणि मणी तडकतो. ८० टक्के पाण्यात मिसळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, सुरुवातीला पुरेसं असतं. कडक उन्हात गंधक टाळा, साल भाजते.

[दृश्य: घडाच्या दांड्यावर मुंग्यांची रांग, आत पांढरा मिलीबग.]

मण्यात पाणी उतरायला लागलं की सालीखालचा मिलीबग घडात शिरतो. तो चिकट गोड द्रव सोडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि मुंग्या त्याची राखण करतात. घट्ट घडाच्या पोटात औषध पोचत नाही. इथे क्रिप्टोलिमस नावाचा भुंगेरा मदतीला येतो. त्याची अळीही मिलीबगसारखीच पांढरी, केसाळ दिसते. बरेच जण तिला मिलीबग समजून चिरडतात. फरक एवढाच की ती मोठी असते आणि चपळपणे चालते. आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. त्या असल्या की मित्रकीटकांना घडाजवळ जाऊ देत नाहीत.

[दृश्य: फवारणीची वही, तारखांवर बोट.]

शेवटच्या दोन महिन्यांत रासायनिक औषधाची प्रत्येक बाटली उघडण्याआधी वही उघडायची. प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठेवायचे दिवस, ठरलेला असतो आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या परिशिष्ट ५ या औषधांच्या यादीत तो छापलेला असतो. ही यादी बदलत राहते, गेल्या वर्षीची झेरॉक्स चालत नाही. या काळात भुरीसाठी ॲम्पेलोमायसिस, बॅसिलस सबटिलिस, ट्रायकोडर्मा या उपयोगी सूक्ष्मजीवांवर भर असतो.

२०१० मध्ये युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले आणि माल अडकला. शेंडावाढ रोखण्यासाठी हे औषध अनेकांनी खरड छाटणीनंतर, म्हणजे घड दिसण्याच्या कितीतरी आधी वापरलं होतं. ते लाकडात साठून राहिलं आणि पुढच्या मण्यात उतरलं.

[दृश्य: क्रेटमध्ये भरले जाणारे घड. मागे मोकळ्या होणाऱ्या वेली.]

काढणी संपली की वेलीला विश्रांती मिळते. खोडाजवळ वाकून साल सोलून बघितली, तर मिलीबगच्या अंड्यांचे पांढरे, कापसासारखे पुंजके आतापासूनच दिसतात. एप्रिलची कात्री येण्याआधी ती साल खरवडून काढली जाते.