सरोवराकाठचे जानवसघर

श्रोतेहो, नमस्कार. तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा असलेला. शीतयुद्धाच्या काळात स्वित्झर्लंड शब्दशः एका सरोवराच्या काठावर उभे होते, पण हात बांधून नव्हे.

अल्जीरियाचे फ्रान्सविरुद्धचे स्वातंत्र्ययुद्ध १९५४ पासून चालू होते. मे १९६१ मध्ये उघड वाटाघाटी ठरल्या त्या लेमान म्हणजेच जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण काठावरील एव्हियाँ या फ्रेंच गावी. बैठकीला आपले गाव देऊ करणारे तिथले महापौर कामीय ब्लां यांचा ३१ मार्चलाच बाँबस्फोटात बळी गेला होता. अल्जीरियाचे प्रतिनिधी फ्रेंच भूमीवर रात्र काढायला तयार नव्हते. मग स्विस सरकारने तोडगा काढला, की बैठक फ्रान्समध्ये आणि मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये. अल्जीरियाच्या शिष्टमंडळाचे प्रमुख क्रिम बेल्कासेम आणि त्यांचे सहकारी जिनिव्हाजवळच्या एका बंगल्यात स्विस सैनिकांच्या पहाऱ्यात उतरले. स्विस लष्कराची हेलिकॉप्टरे त्यांना सरोवरावरून एव्हियाँला पोहोचवीत आणि बैठक आटोपली की परत आणीत. पुन्हा सांगतो, बैठक एका काठावर, मुक्काम दुसऱ्या काठावर. आपल्याकडे वरपक्षासाठी जानवसघर वेगळे का ठेवतात, हे श्रोत्यांना समजावून सांगायला नको. रुसवेफुगवे झाले, तरी माघारी येऊन आपसांत मोकळेपणाने बोलायला स्वतःचे छप्पर लागते. (हल्ली शिखर परिषदांचे सारे कौतुक हस्तांदोलनाच्या छायाचित्रात संपते, पाहुण्यांची उतरण्याची सोय कोणी केली, हे कोणी विचारीत नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.)

या पाहुणचारामागे हिशेबही होता. युद्ध लांबले तर उत्तर आफ्रिका सोव्हिएत गोटाकडे झुकेल, ही धास्ती स्विस राजधानी बर्नमध्ये होती. शिवाय जिनिव्हाच्या एका कंपनीला अल्जीरियातल्या सेतीफच्या परिसरात १८५३ मध्ये सुमारे २०,००० हेक्टर जमीन मिळाली होती. आणि काठ नेहमीच कोरडा राहिला, असेही नाही. अल्जीरियन बंडखोरांना साथ देणाऱ्या इजिप्तच्या बर्नमधील वकिलातीवर स्विस यंत्रणेने ठेवलेल्या पाळतीतून मिळालेली माहिती फ्रेंच हेरांपर्यंत गेल्याचे प्रकरण मार्च १९५७ मध्ये उघड झाले, तेव्हा स्वित्झर्लंडचे संघीय महाभियोक्ता रने द्युब्वा यांनी आत्महत्या केली होती. ऑलिव्हिए लाँग या स्विस मुत्सद्द्याने दोन्ही पक्षांत गुप्तपणे निरोप पोहोचवले, ते त्यानंतरच्या काळात.

१८ मार्च १९६२ रोजी एव्हियाँ येथे करार झाला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अल्जीरिया संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला. यजमान मात्र २००२ पर्यंत त्याच्या काठावरच होता.