एमएस कशामुळे होतो? गोठवून ठेवलेल्या रक्तानं दिलेलं उत्तर

नमस्कार मंडळी. आज मल्टिपल स्क्लेरोसिसबद्दल बोलायचं आहे, ज्याला सगळे एमएस म्हणतात. हा आजार बहुतेकदा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. नोकरी नुकतीच लागलेली असते, नाहीतर मूल लहान असतं, आणि अचानक एका डोळ्यानं धूसर दिसायला लागतं, डोळा हलवला की दुखतं. कुणाला कमरेखाली बधिरपणा येतो, कुणाला एकाचे दोन दिसतात. काही आठवड्यांत बरं वाटतं म्हणून विषय मागे पडतो, आणि काही महिन्यांनी दुसरा झटका येतो.

शरीरात होतं काय, तर आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं मायलिन नावाचं आवरण पोखरते. १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या डॉक्टरांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. पण प्रतिकारशक्ती आपल्याच अंगावर का उलटते, याचं धड उत्तर त्यानंतर दीडशे वर्षं कुणाकडे नव्हतं.

संशय मात्र एका विषाणूवर बरीच वर्षं होता. एपस्टाईन-बार, थोडक्यात ईबीव्ही. तो लाळेतून पसरतो, बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो आणि कळतही नाही. अडचण अशी, की जगातल्या सुमारे ९५ टक्के प्रौढांना तो होऊन गेलेला असतो. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांनीच बासुंदी खाल्ली आणि चौघांचंच पोट बिघडलं, तर दोष बासुंदीचा हे कसं ठरवणार? न खाल्लेली माणसं शोधायला हवीत. ईबीव्ही न झालेले प्रौढ शोधायचे, आणि त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवायचं. हे जमवायचं कसं?

ते जमलं अमेरिकी सैन्यामुळे. तिथे सैनिकांचं रक्त एचआयव्हीसाठी ठरावीक काळानं तपासतात आणि उरलेलं सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, गोठवून ठेवतात. हार्वर्डच्या अल्बर्टो अशेरियो यांच्या गटानं हा साठा वापरला. वीस वर्षांतले एक कोटीहून जास्त सैनिक. त्यातल्या ९५५ जणांना नोकरीत असताना एमएस झाला आणि ८०१ जणांचे पुरेसे नमुने हाताशी होते. आता नीट ऐका. त्या ८०१ पैकी ३५ जणांच्या पहिल्या नमुन्यात ईबीव्हीची खूण नव्हती. आजार सुरू होण्याआधी त्या ३५ पैकी ३४ जणांना ईबीव्हीची लागण झाली. उरला फक्त एक. लागणीनंतर एमएसचा धोका ३२ पट वाढलेला दिसला. जानेवारी २०२२ मध्ये हे 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं.

मला या अभ्यासातला सर्वात सुंदर भाग वाटतो तो त्यांनी स्वतःवरच घेतलेल्या शंकांचा. कुणी म्हणेल, या लोकांना कुठलाही विषाणू पटकन होत असेल. म्हणून त्यांनी सायटोमेगॅलोव्हायरस तपासला, तोही लाळेतूनच पसरतो. त्यानं धोका वाढला नव्हता. कुणी म्हणेल, एमएस आतून आधीच सुरू झालेला असेल आणि म्हणून ईबीव्ही शिरला असेल. त्यासाठी चेतातंतूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एक प्रथिन मोजलं. ते ईबीव्हीच्या लागणीनंतरच वाढलेलं होतं. त्याच महिन्यात स्टॅनफर्डच्या गटानं आणखी एक दुवा दाखवला: ईबीव्हीच्या एका प्रथिनाचा तुकडा मेंदूतल्या ग्लायलकॅम नावाच्या प्रथिनासारखा दिसतो, त्यामुळे विषाणूविरुद्धच्या काही अँटिबॉडी मेंदूतल्या प्रथिनालाही चिकटतात.

मग ईबीव्ही झालेल्या प्रत्येकाला एमएस का होत नाही? कारण बाकीच्या गोष्टीही जुळून याव्या लागतात. विशिष्ट जनुकं, धूम्रपान, किशोरवयातला लठ्ठपणा, ड जीवनसत्त्वाची कमतरता. म्हणून कृपा करून लॅबमध्ये जाऊन ईबीव्हीची टेस्ट करून घाबरू नका. ती जवळपास सगळ्यांचीच पॉझिटिव्ह येणार.

कारणाचा शोध भरकटला की काय होतं, तेही सांगायलाच हवं. २००९ मध्ये इटलीतल्या पाओलो झांबोनी यांनी मांडलं की मानेतल्या शिरा अरुंद झाल्यामुळे एमएस होतो. शिरा फुग्यानं रुंद करायच्या, झालं. कॅनडातले कितीतरी पेशंट पदरचे पैसे घालून परदेशात गेले, काही तर भारतातही आले. २०१७ मध्ये कॅनडातल्या चाचणीचा निकाल आला. अर्ध्या लोकांवर खरी प्रक्रिया, अर्ध्यांवर नुसता देखावा, आणि दोन्हींत फरक नाही. झांबोनींच्या स्वतःच्या चाचणीतही फायदा दिसला नाही. त्या पेशंट्सना कुणी भोळे म्हटलं की मला वाईट वाटतं. पायांवरचा ताबा सुटत असताना माणूस मिळेल तो आधार धरणारच. जबाबदारी पुरावा येण्याआधी प्रक्रिया विकणाऱ्यांची होती.

आता निदान. एमएसची एकच अशी रक्ततपासणी नाही. एमआरआय, लक्षणांचा इतिहास, गरज पडल्यास पाठीतून काढलेलं पाणी, हे सगळं मॅकडॉनल्ड निकषांत, म्हणजे एमएसच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमांत, बसवून पाहतात. आपल्याकडे मात्र एक गोष्ट आवर्जून विचारा. एनएमओ नावाचा आजार एमएससारखाच दिसतो. २००४ मध्ये मेयो क्लिनिकच्या गटानं त्याची अँटिबॉडी शोधली आणि हा वेगळा आजार आहे हे पक्कं झालं. इंटरफेरॉनसारखी एमएसची काही औषधं एनएमओमध्ये उलट त्रास वाढवतात. म्हणून डोळा किंवा मज्जारज्जूवर जोराचा झटका आला असेल, तर डॉक्टरांना विचारा, "अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटिबॉडी तपासायची का?" पहिली अँटिबॉडी एनएमओची, दुसरी तसाच दिसणाऱ्या आणखी एका आजाराची. या प्रश्नाचा राग कुठल्याही चांगल्या न्यूरॉलॉजिस्टला येणार नाही.

औषधांत पहिलं मोठं पाऊल १९९३ चं, इंटरफेरॉन बीटा. आज सर्वात जास्त भरवसा आहे तो बी-पेशी, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी, कमी करणाऱ्या औषधांवर. ऑक्रेलिझुमॅबला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पहिल्या दिवसापासून हळूहळू वाढत जाणाऱ्या एमएससाठीचं ते पहिलं मान्य औषध. पण किंमत! त्यामुळे भारतात अनेक जण रिटुक्सिमॅब घेतात. मुळात ते लिम्फोमा या कर्करोगाचं औषध, आपल्या कंपन्या ते बनवतात आणि खूप स्वस्त पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये एमएससाठीच्या अत्यावश्यक औषधांत ते घेतलं, ही माझ्या मते त्या वर्षातली पेशंटच्या खिशाला सर्वात जवळची बातमी. गंमत म्हणजे ईबीव्ही शरीरात आयुष्यभर लपतो तो बी-पेशींमध्येच. ही औषधं त्यामुळेच चालतात का, हे अजून सिद्ध व्हायचंय. ईबीव्हीची लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या टी-पेशी देऊन पाहिलेली एक चाचणी २०२३ मध्ये अपयशी ठरली. मान्यता मिळालेली लसही अजून नाही.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. विदर्भ-मराठवाड्यातल्या मंडळींनो, अंग तापलं की एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात. गार झाल्यावर ती ओसरली, तर तो नवा झटका नसतो. मात्र लक्षणं चोवीस तासांपेक्षा जास्त टिकली तर डॉक्टरांना फोन करा. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव आहे, त्यामुळे अपंगत्व ठरावीक प्रमाणात असेल तर प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. काठी नाही, व्हीलचेअर नाही, म्हणून कुणी परत पाठवलं तर कायद्याचं नाव घेऊन पुन्हा विचारा.

डॉक्टरांना विचारायचा राहून गेलेला प्रश्न कमेंटमध्ये लिहा. रिपोर्टचे फोटो मात्र टाकू नका.