बिलातला गुणक आधी बघा

मंडळी, वीजबिल आलं की आपण रक्कम बघतो, फार तर युनिटचा दर. दर चुकला तर तो शेकडो ग्राहकांचा चुकतो, बोंब लगेच होते. एकट्या कारखान्याचा पैसा बुडतो तो ‘गुणक अवयव’ या बारक्या रकान्यात. मीटरच्या रीडिंगचा फरक ज्या आकड्याने गुणून युनिट काढतात, तो हा गुणक.

भार मोठा असला की प्रवाह मीटरमधून थेट जात नाही, सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर तो कमी करून मीटरला देते. सीटीच्या पाटीवर 200/5 (200 अँपिअरचे 5) आणि मीटरच्या पाटीवर 100/5 असेल, तर गुणक 2. दोन्हीवर 200/5 असेल, तर 1. घोटाळा होतो मीटर बदलताना. नवं मीटर 200/5 चं बसतं, संगणकात जुना 2 तसाच राहतो.

मग रीडिंगचा फरक 6,000 असला तरी बिल 12,000 युनिटचं येतं. मॅक्झिमम डिमांड, म्हणजे महिन्यातली सर्वात जास्त मागणी, 70 केव्हीएऐवजी 140 लागते. कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे करारात मंजूर मागणी, 90 असेल, तर वरच्या 50 केव्हीएवर दीडपट दराने आकारणी होते. वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क, सगळं सोबत फुगतं. पॉवर फॅक्टर आणि मॅक्झिमम डिमांडवरून काढलेला लोड फॅक्टर मात्र जसेच्या तसे राहतात, कारण भागाकारातले दोन्ही आकडे दुप्पट झालेले असतात. म्हणून नुसतं बिल चाळून ही चूक हाती लागत नाही.

पडताळणी अशी करा. सुट्टीच्या दिवशी सगळं बंद ठेवून साधारण 10 किलोवॅटचा एकच हीटर तासभर चालवा, त्याचा भार क्लॅम्पमीटरने (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचं यंत्र) मोजून घ्या. मीटर 10 ने पुढे गेलं तर गुणक 1, 5 ने गेलं तर 2. काचेतून मीटरच्या पाटीचा आणि रीडिंगचा फोटो काढा. सीलला मात्र हात लावू नका! सीटीची पाटी वीज कंपनीसोबतच्या संयुक्त तपासणीतच उघडून घ्या.

मग वीज कंपनीकडे अर्ज करा. अर्जाला मीटर बदलल्याचा अहवाल, बदलाआधीची बारा बिलं आणि नंतरची सगळी बिलं जोडा, आवक शिक्का घ्या. महिनावार फेरहिशोब मागा. वीज कायदा 2003 च्या कलम 62(6) प्रमाणे जादा वसुली बँक दराच्या व्याजासह परत मिळते, ते व्याज अर्जातच लिहून मागा. न मागता कोणी देत नाही. वाद चालू असताना बिल थकवू नका. कलम 56 प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरली, तर पुरवठा तोडता येत नाही.

दाद लागली नाही, तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. मंचाचा निर्णय पटला नाही, तर 60 दिवसांत विद्युत लोकपालांकडे. वाट बघण्यात ही दोन वर्षं निघून जातात, म्हणून मीटर बदललं की पहिलंच बिल तपासा.

परतावा बिलात वळता झाल्यावर पुढच्या बिलाचा गुणकही बघा. मागची रक्कम परत येते आणि रकान्यात 2 तसाच बसून राहतो, असं घडतं.