चिखलावरची शिलाई

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय एका एवढ्याशा पाखराबद्दल, जे हिवाळ्यात बडोद्याजवळच्या आपल्या वढवाण्याच्या तलावाकाठी चिखलात तुरुतुरु पळताना दिसतं आणि आपण "असेल काहीतरी पाण्यातलं" म्हणून पुढे जातो. याचं मराठी नाव टिलवा. चिमणीहून लहान, वजन २० ते ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे साखर. नाव लक्षात ठेवा, टिलवा. आपल्याकडे पक्षी बघणारी मुलं सगळी नावं इंग्रजीतच घेतात आणि मला ते खटकतं, टिटवी, शेकाट्या, पाणलावा, तुतवार अशी नावं तोंडात असली की पक्षी शेजारचा वाटायला लागतो.

आता एक गोष्ट सांगतो. एका डिसेंबरात आम्ही घरचे पाच जण पादरा-जंबुसर रोडने कंबोईला गेलो होतो, स्तंभेश्वर महादेवाला, जिथे भरतीचं पाणी चढतं आणि पिंडी पाण्याखाली जाते. बरोबर माझी आत्या होती, बहात्तर वर्षांची. दांडिया बाजारात चाळीस वर्षं तिने पायाच्या मशीनवर ब्लाऊज शिवलेत. आम्ही लवकर पोचलो, ओहोटी होती, समोर नजर जाईल तिथपर्यंत नुसता चिखल. बाकीच्यांनी थेपले आणि छुंदा काढला, मी दुर्बीण आणि पुस्तक घेऊन बसलो. चिखलावर शेकडो बारके पक्षी, सगळे राखाडी, सगळे सारखेच, पानं उलटून उलटून माझं डोकं दुखायला लागलं.

आत्याने दुर्बीण मागितली. पाच-दहा मिनिटं काही बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, हे दोन वेगळे आहेत."

मी म्हटलं, "कशावरून गं? रंग तर एकच."

"रंग कशाला बघतोस, काम बघ ना. तो बघ, चार पावलं पळतो, थांबतो, मान वर करून बघतो, एकदा टोचतो, परत पळतो. हे हातशिलाईचं काम, एक टाका घालायचा, बघायचं, मग दुसरा. आणि हा दुसरा बघ, मान खाली ती खालीच, टीप मारत चाललाय. दोरा तुटल्याशिवाय थांबायचा नाही हा."

मंडळी, मी पुस्तक मिटलं. कारण आत्याने जे सांगितलं ती खरोखरच दोन वेगळी कुळं आहेत. थांबून थांबून टोचणारा तो चिखल्या, आपल्या टिटवीच्या कुळातला, डोळे मोठे, चोच आखूड, नजरेने शिकार करतो. टीप मारणारा तो टिलवा, तुतवारांच्या कुळातला, त्या कुळाच्या चोचीच्या टोकाशी बारीक मज्जातंतू असतात, त्यामुळे चिखलातला किडा न दिसताही चोचीला कळतो, म्हणून मान वर करायची फारशी गरजच नाही. परत सांगतो, थांबतो तो चिखल्या, टीप मारतो तो टिलवा.

(हल्ली रेडिमेडमुळे घरोघरची पायाची मशीनं भंगारात गेली, हे मला अजिबात पटत नाही. घरात शिवणाऱ्या माणसाची नजर वेगळी तयार होते.)

मग भरती आली. खंभातच्या आखातात पाणी चढायला लागलं की बघता बघता चढतं, देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी इथली. सगळ्यांचे मोबाईल पिंडीकडे वळले, आत्याने आधी हात जोडले आणि मग पाठ फिरवून पक्ष्यांकडे बघत राहिली. चिखलाची पट्टी अरुंद होत गेली, टिलवे मागे मागे सरकत एका टोकाला गोळा झाले, आणि एकदम उडाले, सगळे मिळून, वळले की पांढरे, परत वळले की काळपट. "सॅटिनचं कापड उलटंसुलटं करावं तसं," ती म्हणाली. तिचा चहा तसाच गार झाला.

आता हा टिलवा येतो कुठून, तर उत्तर ध्रुवाकडून, नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सायबेरियापर्यंतच्या टुंड्रातून. तिथे उन्हाळा इतका आखूड की पुष्कळदा एका अंड्यांच्या खेपेवर नर बसतो आणि दुसरीवर मादी. मग जुलै-ऑगस्टपासून निघतात आणि आफ्रिकेत नाहीतर आपल्याकडे येतात. असे टिलव्यांचे प्रकार जगात एकूण सात, चार आपल्या बाजूचे आणि तीन अमेरिकेचे. ते तिघे मुख्यतः अलास्का-कॅनडात घरटी करतात आणि दक्षिणेकडे उतरतात. आपल्या चारांतला लाल मानेचा पार ऑस्ट्रेलियापर्यंत जातो. सगळ्या सातांची प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा शास्त्रीय गट, एकच, कॅलिड्रिस. पूर्वी चमच्याच्या आकाराच्या चोचीचा तुतवार वेगळ्या प्रजातीत होता, डीएनए तपासल्यावर त्यालाही कॅलिड्रिसमध्येच घेतलं. तो आता जगात काही शेच उरलाय, कारण वाटेतले चिखलाचे किनारे भराव घालून बुजवले गेले, आणि चिखल गेला की टीप मारायला कापडच नाही.

वढवाणा डभोईजवळ, सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला, २०२१ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. तिथे सकाळी जा आणि गाडीतली गाणी आधीच बंद करा. दोन टिलवे शेजारी दिसले तर पाय बघा. पाय काळे तर छोटा टिलवा, म्हणजे आपला हाच, पिवळसर तर बहुतेक टेमिंकचा टिलवा, त्याला गोडं पाणी जास्त आवडतं. आधी चालणं, मग पाय. एप्रिलच्या शेवटी गेलात तर छोट्या टिलव्याच्या पाठीवर तांबूस रंग चढलेला दिसेल, म्हणजे त्याची उत्तरेला निघायची वेळ झाली.

आत्या यंदाही येणार आहे, दुर्बीण आत्तापासून तिच्याच कपाटात आहे.