पिंप कोणाचे?

रंगकाम चाललेल्या एका इमारतीच्या आवारात उभे असलेले हे पिंप साधारण दोनशे लिटरचे आहे. झाकणाभोवती पोलादी कडी आवळलेली आहे, बुडाशी गंजाची रेघ आहे आणि पोटावर पिवळे लेबल चिकटवलेले आहे. आत वापरलेले थिनर आहे, ते पेट घेणारे आहे आणि ते या पिंपात कोणत्या तारखेपासून साठवायला सुरुवात झाली, हे सगळे त्या लेबलवर व्यवस्थित लिहिलेले आहे. त्याखाली ‘निर्माणकर्ता’, म्हणजे हा कचरा कोणी निर्माण केला, असा एक रकाना आहे आणि तो कोरा आहे. रंगकामाच्या कंत्राटदाराला विचारले, तर इमारत मालकाची आहे, असे तो सांगतो. मालकाच्या अभियंत्याला विचारले, तर थिनर तुम्हीच आणले होते, असे तो कंत्राटदाराला ऐकवतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. रकाना कोरा राहण्याचे खरे कारणही तेच आहे.

कामाच्या बहुतेक करारनाम्यांत कचऱ्याच्या जबाबदारीला एकच वाक्य मिळते: ‘कामातून निघणाऱ्या सर्व कचऱ्याची विल्हेवाट कंत्राटदाराने लागू कायद्यांनुसार स्वखर्चाने लावावी.’ विटांच्या तुकड्यांसाठी आणि फाटक्या गोण्यांसाठी हे वाक्य पुरेसे आहे. घातक कचऱ्याच्या बाबतीत मात्र ते तीन वेगवेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधते. कचरा निर्माण कोणी केला, तो हलवण्याचा खर्च कोण करणार आणि तो शेवटी कोठे जाणार हे कोण ठरवणार, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन वेगळ्या पक्षांकडे असू शकतात. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर तर करार करणाऱ्यांच्या हातात पूर्णपणे नसतेच, कारण ते कायदा देतो.

म्हणून जाणकार मसुदाकार आधी एक रेघ ओढतात. कंत्राटदाराने आपल्यासोबत आणलेले पदार्थ, म्हणजे थिनर, वंगण, साफसफाईची द्रावणे, उरलेले रंग, हे रेघेच्या एका बाजूला. जागेवर आधीपासून असलेले पदार्थ, म्हणजे पाइपांवरचे ॲस्बेस्टॉसचे आवरण, जुन्या ट्रान्सफॉर्मरमधले पीसीबी या विषारी रसायनाचे अंश असलेले तेल, गळक्या टाकीतून जमिनीत मुरलेले इंधन, हे दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटाची जबाबदारी कंत्राटदाराने घ्यावी आणि दुसऱ्या गटाची मालकाने, ही विभागणी न्याय्य वाटते, कारण भिंतीच्या आत काय दडले आहे हे ज्याला निविदा भरताना कळूच शकत नव्हते, त्याच्याकडून त्याचा दर मागण्यात अर्थ नाही. म्हणूनच चांगल्या करारात संशयास्पद पदार्थ सापडताच काम थांबवायचे, लेखी कळवायचे आणि तपासणी होईपर्यंतच्या मुदतीचा व खर्चाचा भार मालकाने उचलायचा, असे वेगळे कलम असते.

पण काम सुरू झाले की ती रेघ पुसट होऊ लागते. एका जुन्या पुलाच्या लोखंडावरचा शिसेयुक्त रंग वाळूच्या माऱ्याने खरवडला जात आहे, असे समजा. वाळू कंत्राटदाराची, शिसे मालकाचे, आणि ताडपत्रीवर साचणारी करडी भुकटी दोघांची मिळून. टाकी साफ करतानाही हेच घडते. तळाशी बसलेला गाळ वर्षानुवर्षे मालकाचा होता, पण तो उपसून बाहेर काढला त्या क्षणी तो ‘कचरा’ झाला, आणि उपसणारे हात कंत्राटदाराचे होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८० मध्ये याबाबत घेतलेली भूमिका आजही वाचण्यासारखी आहे. अशा वेळी एकाहून अधिक पक्ष निर्माणकर्ते ठरू शकतात. त्यांनी आपसांत ठरवून एकाने सर्व कर्तव्ये पार पाडावीत, हे बरे. मात्र ती पार पडली नाहीत, तर संस्था त्यांच्यापैकी कोणालाही जबाबदार धरू शकते. दोघांनी आपसांत काय लिहून घेतले, याने तिसऱ्याचे हात बांधले जात नाहीत, एवढाच याचा अर्थ.

हे किती महागात पडू शकते, ते न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहराच्या एका जुन्या, अर्धवट सोडलेल्या कालव्यात दिसले. तो लव्ह कॅनॉल. १९४२ पासून सुमारे दशकभर हूकर या रसायन कंपनीने तेथे वीस हजार टनांच्या आसपास रासायनिक कचरा पुरला. १९५३ मध्ये ती जागा शहराच्या शिक्षण मंडळाला एका डॉलरला विकण्यात आली. खरेदीखतात कचऱ्याचा उल्लेख होता, आणि पुढे त्यामुळे कोणाला इजा झाली किंवा कोणी दगावले, तर कंपनीवर दावा करता येणार नाही, असे कलमही होते. वकिलाच्या दृष्टीने ते कलम चोख होते. त्या जमिनीवर शाळा उभी राहिली, भोवताली घरे झाली. १९७८ मध्ये तळघरांत रसायने झिरपत असल्याचे उघड होऊन आणीबाणी जाहीर झाली, तेव्हा कुटुंबांना घरे सोडून जावे लागले.

या प्रकरणाच्या धक्क्यातून अमेरिकेत प्रदूषित जागांच्या साफसफाईसाठीचा १९८० चा ‘सुपरफंड’ कायदा आला, आणि त्याचे कलम १०७(ई) कंत्राटांचा मसुदा करणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी हळूहळू वाचावे. त्याचा आशय असा की, क्षतिपूर्तीच्या (एकाचे नुकसान दुसऱ्याने भरून देण्याच्या) किंवा तत्सम कोणत्याही कराराने या कायद्याखालचे दायित्व एकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होत नाही. मात्र एकाने दुसऱ्याला भरपाई देण्याचा किंवा विम्याचे संरक्षण देण्याचा करार करायला मनाई नाही. म्हणजे सरकार मालकाच्या दारात आले, तर मालकाला करार दाखवून त्याला परत पाठवता येणार नाही. आधी पैसे भरावे लागतील आणि मग तोच करार हातात घेऊन कंत्राटदाराकडे वसुलीला जावे लागेल. त्या दिवशी कंत्राटदाराची कंपनी अस्तित्वात असेल का, आणि असली तर तिच्याकडे भरायला पैसे असतील का, हा प्रश्न क्षतिपूर्तीच्या सर्वांत लांबलचक कलमाहूनही मोठा आहे. विमा आहे, असे सांगून बरेच जण येथे निर्धास्त होतात. पण सर्वसाधारण दायित्वाच्या पुष्कळशा पॉलिसींत प्रदूषण वगळलेले असते. ती ओळ शोधून वाचावी लागते.

लव्ह कॅनॉलचा निकालही याच वाटेने गेला. खरेदीखतातले कलम असतानाही न्यायालयाने १९८८ मध्ये हूकरच्या उत्तराधिकारी कंपनीला साफसफाईच्या खर्चासाठी जबाबदार धरले, आणि १९९५ मध्ये त्या कंपनीने संघराज्य सरकारला १२ कोटी ९० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. मूळ व्यवहार एका डॉलरचा होता.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळू: कचरा कोठे जाणार, हे कोण ठरवणार? इटलीतील सेवेसोजवळच्या एका रसायन कारखान्यातून १० जुलै १९७६ रोजी डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाचे अंश असलेला ढग बाहेर पडला. त्या कारखान्याच्या रिअॅक्टरमधील विषारी अवशेष पुढे ४१ पिंपांत भरण्यात आले, आणि त्यांच्या विल्हेवाटीचे काम एका बाहेरच्या कंपनीकडे सोपवण्यात आले. अंतिम ठिकाण गुप्त ठेवायचे, असे ठरले होते. सप्टेंबर १९८२ मध्ये पिंपे निघाली, सीमा ओलांडून फ्रान्समध्ये शिरली आणि त्यानंतर ती कोठे आहेत हे कोणालाच सांगता येईना. सुमारे आठ महिन्यांनी, मे १९८३ मध्ये, ती उत्तर फ्रान्समधील आंगिलकूर-ल-सार या गावातल्या वापरात नसलेल्या कत्तलखान्यात सापडली. पुढे १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे तो कचरा जाळण्यात आला. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरचा आंतरराष्ट्रीय करार १९८९ मध्ये याच शहरात झाला आणि १९९२ पासून लागू झाला. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत मोठी चूक ट्रकवर घडली नाही; ठिकाण न विचारण्याचे ज्यांनी मान्य केले, त्यांच्या टेबलावर ती आधीच घडलेली होती.

म्हणून करारात ‘अधिकृत ठिकाणी विल्हेवाट’ एवढेच लिहून भागत नाही. भट्टीचे किंवा सुरक्षित भरावक्षेत्राचे नाव, तिचा परवाना, तो कोणत्या प्रकारच्या कचऱ्यासाठी आहे आणि केव्हा संपतो, हे त्यात यावे लागते. ठिकाण बदलायचे असल्यास मालकाची लेखी संमती लागेल, आणि वाहतूकदाराला काम परस्पर तिसऱ्याकडे सोपवता येणार नाही, हेही लिहावे लागते. दर फारच कमी आला, तर आनंद मानण्याऐवजी चौकशी करावी. २००६ मध्ये प्रोबो कोआला या जहाजावरच्या दूषित द्रवाची विल्हेवाट लावण्यासाठी ॲमस्टरडॅममध्ये कितीतरी पटींनी वाढीव दर सांगण्यात आला, तेव्हा तो द्रव परत जहाजात भरण्यात आला. ऑगस्टमध्ये आयव्हरी कोस्टच्या आबिदजान शहरात, नुकताच परवाना मिळालेल्या एका स्थानिक कंपनीने तो त्याच्या अल्पांश दरात उतरवून घेतला आणि शहराच्या आसपास ठिकठिकाणी ओतला. एक लाखाहून अधिक लोकांनी त्यानंतर वैद्यकीय मदत घेतली. इतक्या कमी दरात ते काम नीट होणे शक्यच नव्हते.

ठरलेल्या ठिकाणी माल पोहोचला की नाही, हे सांगणारा कागद म्हणजे मॅनिफेस्ट. निर्माणकर्ता, वाहतूकदार आणि विल्हेवाट केंद्र, तिघांच्याही सह्या त्यावर पडतात आणि शेवटची सही झालेली प्रत निर्माणकर्त्याकडे परत येते. अमेरिकी नियमांत मोठ्या निर्माणकर्त्याला ही प्रत ठरावीक दिवसांत मिळाली नाही, तर त्याने शोध सुरू करावा आणि त्यानंतरच्या मुदतीतही मिळाली नाही, तर प्रशासनाला कळवावे, अशी तरतूद आहे. टँकरच्या वजनात दहा टक्क्यांहून अधिक फरक पडला, तर तो फरक ठळक मानला जातो. पिंपांच्या बाबतीत मात्र एवढीही सवलत नाही. ट्रकमध्ये एक पिंप कमी भरले, तरी ती विसंगतीच. येथे कंत्राटदाराने कोणत्या नात्याने सही केली, याकडे बारकाईने पाहावे लागते. नावापुढे ‘मालकाच्या वतीने’ असे लिहिलेले आहे की नाही, यावरून पुढे वर्षानुवर्षे वाद चालू शकतो, आणि त्या सहीचा अधिकार करारात स्पष्ट दिलेला नसेल, तर साइटवरचा पर्यवेक्षक पेन पुढे करणाऱ्या चालकाला नाही म्हणत नाही.

शेवटचे बिल येते तेव्हा काम उरकलेले असते, परांची उतरलेली असते आणि आवाराच्या कोपऱ्यात दोन-तीन पिंपे तशीच उभी असतात. ती ‘रिकामी’ असल्याचे सांगितले जाते. अमेरिकी नियमांत साधारणपणे, नेहमीच्या पद्धतीने काढता येईल तेवढे सगळे काढून झाल्यावर तळाशी एका इंचाहून अधिक थर उरला नसेल, तरच पिंप रिकामे मानले जाते. म्हणून बिलाचा अखेरचा हप्ता विल्हेवाटीच्या प्रमाणपत्राशी बांधण्याची पद्धत रुजली आहे: पिंपांची संख्या, मॅनिफेस्टवरचा आकडा आणि प्रमाणपत्रावरचा आकडा जुळल्याशिवाय रक्कम सुटत नाही. हे कागद तीन वर्षे जपण्याचे बंधन नियमांत असते. १९५३ चे खरेदीखत मात्र १९८८ मध्ये न्यायालयात वाचले गेले, त्यामुळे या व्यवसायातली जाणती माणसे तीन वर्षांनंतरही ती फाइल रद्दीत देत नाहीत.