न दिसलेला पक्षीसुद्धा नोंद असतो!

नमस्कार मंडळी! स्क्रीनवर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ऑनलाइन व्यासपीठावरच्या महाराष्ट्रातल्या नोंदी बघा. पुण्या-मुंबईभोवती ठिपक्यांची नुसती गर्दी, गडचिरोलीकडे विरळ. मग काय, गडचिरोलीत पक्षी कमी? छे! दुर्बिणी कमी.

कॉर्नेल विद्यापीठाची पक्षीशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२मध्ये ई-बर्ड सुरू केलं. तिथं तुमच्या-माझ्यासारखे हौशी लोक नोंदी टाकतात. पण कच्चे ठिपके सांगतात ते माणसं कुठं फिरली एवढंच. त्यातून पक्ष्यांचा नकाशा काढायचा कसा?

फेरीत आढळलेल्या पक्ष्यांची यादी संपवताना ई-बर्डचं अ‍ॅप विचारतं, ‘ओळखलेले सगळे पक्षी नोंदवलेत का?’ आपण घाईत काहीतरी दाबतो. खरी गंमत मात्र इथंच आहे. ‘हो’ म्हटलं, की यादीत नसलेला पक्षी तुम्हाला आढळला नाही, असं धरता येतं. वर्गात फक्त हजर मुलांची नावं लिहिली, तरी पट माहीत असेल तर गैरहजर कोण ते कळतंच ना? तसंच. नुसता एखादा लायफर, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेला पक्षी, टाकून मोकळं झालात, तर ‘आढळला नाही’ हे शून्य हाती लागत नाही.

आता शून्य म्हणजे पक्षी नव्हताच, असंही नाही. आपला नवरंग घ्या. पावसाच्या तोंडावर सह्याद्रीत येतो, पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो. एरवी गप्प, पाचोळ्यात किडे शोधत. भर दुपारी दहा मिनिटं फिरून ‘नवरंग नाही’ म्हणण्यात काय अर्थ? म्हणून वेळ, अंतर, किती जण होतात, हे सगळं मॉडेलला, म्हणजे नोंदींवरून पक्ष्यांचा नकाशा काढणाऱ्या संगणकी गणिताला, लागतं.

पुढचं काम संगणकाचं. नकाशाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकातून मोजक्याच याद्या घ्यायच्या, म्हणजे पुण्याजवळच्या सिंहगड व्हॅलीसारख्या पक्षीनिरीक्षकांच्या गर्दीच्या जागेचा आवाज सगळ्यांवर चढत नाही. मग उपग्रहावरून दिसणारं जंगल, शेती, पाणी आणि जागेची उंची यांच्याशी नोंदी जुळवायच्या. उत्तर येतं ते असं: जाणकार माणूस योग्य वेळी इथं तासभर फिरला, तर पक्षी आढळण्याची शक्यता किती?

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ अहवाल अशाच याद्यांवर उभा आहे: ३० हजारांवर पक्षीनिरीक्षक, ३ कोटींवर नोंदी, ९४२ जाती. पण जिथून याद्याच येत नाहीत, तिथं चांगलं मॉडेल गप्प बसतं, आणि मला त्याचं तेच आवडतं.

तेव्हा गावी जाल, तर बांधावर पंधरा मिनिटं उभे राहा. कावळे, साळुंक्या, पारवे, सगळे लिहा. खास काही दिसलं नाही तरी यादी पाठवाच.